फुटाला तीन डॉलर

लास वेगासमध्ये पैसे मिळवायचे बरेच मार्ग आहेत, पण हमखास म्हणावा असा एकच: दारातलं गवत उपटणं. कॅसिनोच्या जाहिराती विमानतळावरच अंगावर येतात, या मार्गाची पाटी मात्र कुठे दिसत नाही. इथलं पाणी प्राधिकरण 1999 पासून लोकांना हिरवळ काढायचे पैसे देतं. आम्ही अर्ज केला तेव्हा दर होता चौरस फुटाला तीन डॉलर. हिरवळ काढा, वाळवंटात तग धरणारी झाडं लावा, ठिबक बसवा, उरलेल्या जागेत खडी पसरा आणि चेक घ्या. ऐकून मला वाटलं, हे काम दोन-तीन शनिवारांचं.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे 2022 साली, लातूरहून आई-अण्णा आले. अण्णा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदोपत्री. नळ उघडल्याचा आवाज आला की ते अजूनही कुठल्याही खोलीतून उठून बघायला येतात. अर्ज मी त्यांना वाचून दाखवला.

"पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज मी जन्मभर भरून घेतला," ते म्हणाले. "पाणी नको म्हणायचा अर्ज पहिल्यांदाच बघतोय."

पहिला नियम असा, की मंजुरी येईपर्यंत गवताला हात लावायचा नाही. आधी उपटलंत तर पैसे बुडाले. म्हणजे गवत काढायचं असेल तर आधी ते जपायचं, मापून दाखवायचं, त्याचे फोटो काढू द्यायचे. मोजणीचा माणूस आला तेव्हा अण्णांनी न विचारता टेपचं दुसरं टोक धरलं. आईने चहा टाकला. त्याने हसून नको म्हटलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला.

"चहा घेत नाही," अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा आकडा कमी लावणार."

आकडा लागला आठशे चौरस फूट. अण्णांनी सकाळी पावलांनी मोजून काढला होता त्यापेक्षा जास्तच. त्यामुळे तर त्यांचा संशय आणखी वाढला.

हे पैसे का देतात, हे त्यांना समजावणं सोपं जाईल अशी माझी कल्पना होती. इथे वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस, म्हणजे शंभर मिलिमीटर. नव्वद टक्के पाणी कोलोराडो नदीचं, ते लेक मीड या धरणाच्या तलावातून उचलायचं. नेवाडाचा वार्षिक वाटा तीन लाख एकर-फूट (एकरभर जागेत फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), आणि तो ठरला 1928 साली, जेव्हा वेगासची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. आता या खोऱ्यात बावीस लाखांच्या वर लोक आहेत आणि वाटा तोच. अण्णांनी डोळे मिटून मनात भागाकार केला.

"तेरा टीएमसी," ते म्हणाले. "आपल्या एका कोयनेत एकशेपाच मावतं. आणि कॅलिफोर्नियाला?"

"चव्वेचाळीस लाख एकर-फूट."

"वाटपाच्या बैठकीला तुमचा माणूस उशिरा पोचला असणार," असा निकाल देऊन ते मोकळे झाले. लेक मीड त्या जुलैमध्ये 1937 नंतरच्या नीचांकाला गेलं होतं आणि 2022 या वर्षासाठी सरकारने नदीवर टंचाई जाहीर केली होती, इतिहासात पहिल्यांदाच. अण्णांना इथे आल्यापासून प्रथमच घरच्यासारखं वाटलं.

खरी पंचाईत झाली ती आंघोळीपाशी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या दिवसांत आमच्या घराने जे शिस्तीचे नियम बसवले ते अजून शाबूत आहेत. अर्ध्या बादलीत आंघोळ, ते पाणी घमेल्यात धरायचं आणि झाडांना घालायचं. आई-अण्णांनी ते इथेही सुरू केलं. रोज सकाळी दोघं भरलेलं घमेलं दोन बाजूंनी धरून हॉलमधून अंगणात नेत, आणि मी गालिचाकडे बघत बसे.

शेवटी सांगावं लागलं. इथे घरातल्या मोरीत जे पाणी जातं ते जवळपास सगळं शुद्ध करून परत तलावात सोडतात, आणि जितकं सोडलं तितकं वाट्याव्यतिरिक्त पुन्हा उचलता येतं. म्हणून शॉवरखाली तासभर उभे राहिलात तरी नदीच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, बिलात पडेल तेवढाच. बाहेर झाडांना घातलेलं पाणी मात्र हवेत उडून गेलं, ते कायमचं गेलं.

"म्हणजे आम्ही पाणी वाचवतोय ते वाया घालवतोय?" आईने विचारलं.

"हो."

"आणि तू तासभर नळ सोडून उभा राहतोस, ते वाचवतोयस?"

याला हो म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी शॉवर घेतला. बाहेर आले ते उधळपट्टी करताना पकडला गेल्याच्या चेहऱ्याने. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धी बादली. फक्त आता ते ती मोरीत ओततात आणि ओतताना दुसरीकडे बघतात.

मंजुरीचं पत्र आलं. पण त्याआधीच आईने हिरवळीत वाकून एक काडी तोडली होती, बोटांत फिरवून बघितली होती आणि जाहीर केलं होतं, "अरे, ही तर हरळी!" खरंच होती. इथले लोक जिला बर्म्युडा म्हणतात, ती आपली बांधावरची हरळी, म्हणजेच दूर्वा. आठशे चौरस फूट दूर्वा, आणि महिनाअखेर गणपती. गणपती होईपर्यंत औषध मारायचं नाही, असा फतवा निघाला. बातमी गावातल्या मराठी मंडळींत गेली. मग संध्याकाळी ओळखीचे, अर्धवट ओळखीचे, ओळखीच्यांचे पाहुणे, सगळे आमच्या अंगणात उकिडवे बसून जुड्या बांधू लागले. समोरच्या घरातला म्हातारा पडद्याआडून बघायचा. एवढी माणसं हाताने, निवडून निवडून गवत उपटताना त्याने पाहिली नसणार. फुटाला तीन डॉलर मिळतात म्हणून ही मेहनत, असा त्याचा समज झाला आणि मी तो तसाच राहू दिला.

हरळी मारायची तर ती हिरवी, वाढती असतानाच औषध मारावं लागतं. थंडीत ती पिवळी पडून झोपते, तेव्हा फवारा फुकट. विसर्जन झाल्यावर मी फवारलं, खणलं, पुन्हा फवारलं. अण्णा खुर्ची टाकून बसत. "हरळी एका हंगामात जात नाही," एवढंच म्हणत. हे वाक्य पन्नास वर्षांच्या अनुभवातून आलेलं होतं, पण ऐकताना उपयोगाचं वाटत नव्हतं.

मग झाडं. अटीप्रमाणे ती पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा झाकली गेली पाहिजे. नुसती खडी ओतून चेक मिळत नाही. प्रत्येक झाडाचा पसारा किती धरायचा त्याची यादी असते. नर्सरीत अण्णा मागे हात बांधून एकेक कुंडी तपासत चालले आणि त्यांचा आवाज चढत गेला. ही कण्हेर. हे घायपात, आमच्याकडे बांधावर फुकट. आणि ही?

"लँटाना," मी म्हणालो.

"घाणेरी आहे ही! वनखातं हिला काढायला पैसे मोजतंय. तू विकत घेणार? दूर्वा उपटून घाणेरी लावणार?"

निवडुंगावर आई अडून बसली. दारात काटेरी झाड नको म्हणजे नको. वाळवंटी बागेत निवडुंग नको म्हणणं फार अवघड असतं, पण आम्ही तेही जमवलं.

खडीचा रंग सोसायटीच्या कमिटीकडून मंजूर करून घ्यायचा होता. खडीच्या रंगांना तिथे मिठायांसारखी नावं आहेत, आणि आमची निवड शेजारच्या खडीहून एक छटा गुलाबी ठरल्याने परत आली. कमिटीची बैठक भरली त्या क्लबहाउससमोर मात्र हिरवंगार गवत, ज्यावर कुणी कधी चाललेलं नाही. असलं शोभेचं गवत कोलोराडोच्या पाण्यावर जगवायला 2027 पासून बंदी आहे, तसा कायदा 2021 मध्येच झाला. घरांच्या अंगणांना तो लागू नाही, कमिटीला आहे. हे मी बैठकीत बोललो नाही. रंग मंजूर व्हायचा होता.

सात टन खडी ट्रकने नेमकी गॅरेजच्या तोंडावर ओतली. अण्णांनी मूठभर उचलून पाहिली, "बारीक आहे" म्हणाले आणि परतीच्या विमानात बसले. ती पसरताना माझी पाठ गेली, तिचं इथे वर्णन करत नाही. तपासणी झाली, झाडं मोजली गेली, ठिबकचा फिल्टर पाहिला गेला आणि दोन हजार चारशे डॉलरचा चेक आला. झालेला खर्च मी बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

पुढच्या मे महिन्यात कमिटीची नोटीस आली. खडीत गवत उगवलंय, मुदतीत काढा, नाहीतर दंड. बाहेर जाऊन पाहिलं तर घाणेरीच्या बुडाशी हरळीने मस्त पाय पसरले होते. मी फोनचा कॅमेरा तिच्याकडे वळवून अण्णांना दाखवलं.

त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिलं.

"किती फूट आहे?"

"असेल वीस-पंचवीस."

"मग थांब, लगेच उपटू नकोस," अण्णा म्हणाले. "आधी अर्ज टाक. आणि दर वाढलाय का विचार."