फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवून फोटो? कृपया नको

सध्या एक टिप सगळीकडे फिरतेय, की फुलपाखरू हळूच पकडायचं, डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं, मग फुलावर नेऊन बसवायचं, ते हलत नाही, फोटो एकदम शार्प येतो, त्याला काही होत नाही आणि म्हणे मोठे फोटोग्राफर असंच करतात. नवीन मुलं हे खरं मानून करायला लागलीत म्हणून लिहितोय.

"त्याला काही होत नाही": होतं. पंखांवरचा रंग म्हणजे बारीक खवले, चिमटीत धरल्यावर बोटाला पावडर लागते ना ती तीच, आणि ते खवले पुन्हा येत नाहीत, फाटलेला पंखही शेवटपर्यंत तसाच राहतो. वर गारठलेलं फुलपाखरू उडू शकत नाही, म्हणजे तुम्ही फोटो काढून निघून जाणार आणि ते सरड्याला, मुंग्यांना आयतंच सापडणार. शिवाय काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्या पकडणं गुन्हा आहे, आणि नवख्या माणसाला त्या ओळखू येतातच असं नाही.

"हलत नाही म्हणून शार्प येतो": अहो, बऱ्याचदा गडबड अँगलची असते! पंख मिटलेले असतील तर कॅमेरा बरोबर बाजूने पंखाला समांतर धरा, उघडे असतील तर वरून. मग एफ८ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र फार बारीक न करता) सुद्धा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत फोकसमध्ये येतो, जरा तिरके झालात की कड धूसर. फोकस डोळ्यावर, शटर स्पीड १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्सच पाहिजे असं नाही, ७०-३०० मिमीची झूम लेन्स छान चालते, मोबाईल असेल तर अगदी जवळ घुसू नका, झूम वापरा.

"त्याशिवाय ते एका जागी बसतच नाही": हे तर साफ चूक. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावं लागतं, म्हणून सकाळचं पहिलं ऊन आलं की ते पंख पसरून शेकत बसतं, थंडीत तर बराच वेळ. ओढ्याकाठी, ओल्या वाटेवर नर क्षार शोषायला बसतात, ब्लूबॉटल जातीचं फुलपाखरू एकदा त्यात रमलं की पोटावर सरकत अगदी जवळ जाता येतं. खुळखुळ्याच्या झुडपावर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं जमतात. घरात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर कॉमन मॉर्मनची मादी अंडी घालायला तिथेच येईल, कुठे जायलाही नको. फक्त तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका, हळू सरका, पहिला फोटो लांबूनच घ्या, आणि उडालं तर मागे पळू नका, पॅन्सीसारखी जात बऱ्याचदा फिरून त्याच जागी येऊन बसते, तिथेच थांबा.

राहिलं मोठ्या फोटोग्राफरांचं. नेचर फोटोग्राफीच्या नावाजलेल्या स्पर्धांचे नियम वाचा, प्राण्याला त्रास देऊन काढलेला फोटो तिथे सरळ बाद होतो.