तूप, पोप आणि बार्शी लाइट

माझं तूप सरकारजमा झालंय. आईने घरी कढवलेलं, रवाळ, गाईचं पिवळंधमक तूप. कागदावर लिहिलंय की ते 'नष्ट करण्यात येईल', आणि त्याखाली माझी सही आहे. तरी त्या कस्टमच्या ऑफिसातून एखाद्या दुपारी गरम वरणभाताचा वास आला, तर मला नवल वाटणार नाही.

खरं म्हणजे माझा राग कस्टमवर नाहीच. राग आहे तो एका म्हाताऱ्यावर. त्याच्याकडे येतेच.

झालं ते एवढंच की आईने सांगलीहून दिवाळीचा फराळ पाठवला आणि तो दिवाळी उरकल्यावर जर्मनीत पोचला. माझ्या खोलीवर मात्र आलं नुसतं पत्र: तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे, ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा घेऊन या. ऑफिस शहराबाहेर, गोदामांच्या मधोमध. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून पुढे बस, आणि ती तासाला एक. लेक्चर बुडवून गेले.

आमच्या हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात माझ्या शेजारचं कपाट एका इटालियन मुलीचं आहे. तिची आई दर महिन्याला खोका पाठवते. चीज, सुकवलेलं मांस, पुन्हा चीज. पोस्टमन तो दारात आणून देतो, वर 'दिवस छान जावो' म्हणतो. युरोपीय संघातली आई आणि संघाबाहेरची आई, एवढाच काय तो फरक. संघाबाहेरच्या आईने खासगी पार्सलमधून मांस किंवा दुधाचे पदार्थ पाठवायचे नाहीत, जनावरांचे रोग पसरतात. कारण खोटं नाही, मान्य आहे. पण बेरी काळी पडेपर्यंत कढवलेल्या तुपातून कोणता जंतू जिवंत निघून, विमानात बसून, सॅक्सनी या इथल्या जर्मन राज्यातल्या गाईपर्यंत चालत जाणार, हे मला कुणीतरी समोर बसवून समजावून सांगावं. 2023-24च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यांत जास्त. त्यांतल्या निम्म्यांच्या आयांनी जरी तूप पाठवलं असेल, तरी हिशेब करा.

लोकांना वाटतं, परदेशातली पोरं सणाच्या दिवशी रडतात. सणाच्या दिवशी कुठला आलाय वेळ? लक्ष्मीपूजनाला माझी असाइनमेंट होती. मला रडू आलं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जेव्हा इथली घड्याळं तासभर मागे जातात. आदल्या दिवशी सांगली साडेतीन तासांवर होती, सकाळी उठले तर साडेचार तासांवर. कुणाचं काही वाकडं केलं नाही आणि घर एक तास लांब गेलं. आता संध्याकाळी सहाला लॅबमधून सुटून फोन केला की तिकडे साडेदहा वाजलेले असतात. आई जांभई देत 'जेवलीस का' विचारते आणि उत्तर यायच्या आत 'बरं झालं' म्हणते.

तर ते ऑफिस. नंबराची चिठ्ठी घेऊन बाकावर बसले. हातात पाकीट, पाकिटात 'किमतीचा पुरावा' नव्हता. आईच्या लाडवांचं बिल कोण देणार? या देशात यायच्या आधी मी माझी डिग्री खरी असल्याचं सिद्ध केलं, बँकेत 11,904 युरो अडकवून ठेवून महिन्याला 992 खर्च करू शकते हे सिद्ध केलं, विमा सिद्ध केला. आता मला आई आहे आणि ती फुकट लाडू करते, हे सिद्ध करायचं राहिलं होतं.

शेजारी तो बसला होता. सत्तरीचा, बिस्किटी रंगाचं जॅकेट, मांडीवर जाडजूड फाइल. फाइलमधला प्रत्येक कागद भोकं पाडून लावलेला, मध्ये रंगीत पट्ट्या. तो माझ्याशी आपण होऊन बोलला. सॅक्सनीत वर्षभर राहून माझ्याशी ट्रामच्या थांब्यावर आपण होऊन फक्त कुत्री बोलली आहेत, तेव्हा मी सावरून बसले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं जर्मन एका बाजूला आणि त्याची सॅक्सन बोली दुसऱ्या बाजूला, पण माणसाला सांगायचंच असेल तर समजतं.

त्याचा नाद म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्या. 'खेळण्यातल्या' हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नाही, मी काढला आणि पाच मिनिटं ऐकून घेतलं. त्यातही त्याला फक्त नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाड्या. त्यातही इंग्लंडमधल्या एका विशिष्ट कारागिराचे डबे. ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे 2021 पासून त्याच्या प्रत्येक डब्याला कस्टमच्या दारातून यावं लागतं, आणि दर वेळी त्याला जातीने हजर व्हावं लागतं. ब्रेक्झिटने इंग्लंडचं भलं झालं की वाटोळं ते अर्थशास्त्री बघून घेतील. या माणसाचा मात्र कायदेपंडित झाला.

"तुम्ही कुठल्या?"

"भारत."

"भारतात कुठे?" हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारलाच तर 'मुंबईजवळ' सांगून मोकळं व्हायचं असतं. का कोण जाणे, मी खरं सांगितलं. सांगली. मिरजेच्या शेजारी.

म्हाताऱ्याने फाइल मिटली.

"मिराज," तो म्हणाला. "बार्शी लाइट रेल्वे!"

मी सांगते, माझ्या अंगावर काटा आला. इथे लोकांना ताजमहाल माहीत असतो. कुणाला योग माहीत असतो. आणि हा माणूस मला सांगत होता की एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 साली ही गाडी बार्शीला नेली, 1906 साली ती पंढरपूरला पोचली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे बांधायला हातभार लावला, आणि म्हाताऱ्याचा आत अडकलेला डबा त्याच गाडीचा होता. म्हणजे माझा फराळ आणि त्याचा डबा एकाच गावाचे पाहुणे निघाले. माझ्या लेखी मिरज म्हणजे दवाखाने आणि तंबोरे. मी काय बोलणार? मी त्याला आजीची गोष्ट सांगितली. आजी लग्न होऊन पंढरपूरहून आली ती बार्शी लाइटनेच, आणि ती शपथेवर सांगायची की चालत्या गाडीतून उतरून, शेतात हुरडा घेऊन, मागच्या डब्यात परत चढता यायचं.

"शक्य आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "चढावर शक्य आहे." मग बोटं पुढे धरून त्याने मला अंतर दाखवलं. बार्शी लाइटच्या रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर. सॅक्सनीच्या छोट्या गाड्यांचं 750. "आपल्या दोघांच्यात," तो म्हणाला, "फक्त बारा मिलिमीटर."

इथे माझे डोळे भरून आले, हे लिहून ठेवते. पुढे जे झालं त्याने त्या पाण्याचा अपमान झाला आहे.

माझा नंबर लागला. काउंटरवर केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण, जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलेला. इथे खोका आपणच फोडायचा, चाकू ते देतात. मी फोडला. भडंग निघाली. त्याने पिशवी कानापाशी हलवून पाहिली. चकलीच्या वेटोळ्यातून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळद निघाली, सांगलीची, 2018 साली जीआय मानांकन मिळालेली. तिच्या पाठोपाठ निघालं मेतकूट. एका खोक्यात पिवळ्या पावडरीच्या दोन पुड्या म्हटल्यावर तो पहिल्यांदा ताठ बसला. मेतकूट म्हणजे काय हे परक्या माणसाला सांगून बघा. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, त्यात हिंग, दळलेलं. कशासाठी? मऊ भातावर. का? आजारी असल्यावर. औषध आहे? नाही. मग आजारी असल्यावर का? इथे माझं जर्मन संपलं. आपल्याकडच्या गोष्टी दहा प्रश्नांनंतर आपल्यालाच वेडगळ वाटायला लागतात. या देशात मला सर्वात जास्त चीड कशाची येत असेल तर ह्याची.

"किंमत?"

मागून आवाज आला. "भेटवस्तू! खासगी व्यक्तीकडून खासगी व्यक्तीला, 45 युरोपर्यंत माफ." म्हातारा उठून माझ्या खांद्याशी येऊन उभा होता. जर्मनीत रांगेतल्या माणसाने जमिनीवरची पिवळी रेघ ओलांडणं हा जवळजवळ गुन्हा आहे. त्याने तो माझ्यासाठी केला. मी कृतज्ञतेने हसले आणि 20 युरो सांगितले. आईने काजू लावलेले लाडू, तीन दिवसांचं भाजणीचं काम, सगळं मिळून 20 युरो. सांगताना जीभ जड झाली.

काउंटरवाला आवरतं घेत होता. आणि खोक्याच्या तळाशी, माझ्या जुन्या लोकरी मोज्यात, ती बाटली होती. आईने मला सांगितलं नव्हतं. फॉर्मवर तर नव्हतंच.

"हे काय?"

"स्वयंपाकाचं," मी म्हणाले. "वरून घालायचं. चवीला." यात एक अक्षर खोटं नाही. त्याने बाटली उजेडात धरली, घड्याळ पाहिलं, आणि ती परत मोज्यात घालायला लागला. घालायला लागला होता! अर्धी आत गेली होती!

"तूपच आहे ते!" म्हातारा ओरडला. जर्मनमध्ये ओरडला, तुपाला त्यांच्यातही नाव आहे. धुरातून येणारं इंजिन नंबरासकट ओळखल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता. "रवा बघा, रवा! लोणी कढवून करतात. दुधाचा पदार्थ. तिसरा देश, संघाबाहेरचा." आणि मग मदत करायच्या उत्साहात फाइल उघडून, हिरव्या पट्टीचं पान काढून त्याने ते काउंटरवर ठेवलं. त्याच्याकडे ते पान होतं. आगगाड्या मागवणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये दुधाच्या पदार्थांचं पान कशाला?

काउंटरवाल्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत मी आणि तो क्षणभर एकाच बाजूचे होतो. त्याची सुट्टी गेली, माझं तूप गेलं. त्याने उसासा टाकून फॉर्म काढला.

आता लाडवांची पाळी. त्यांतही तूप आहे का? मी गप्प. आणि काय सांगू, म्हातारा आता माझ्या बाजूने भांडायला लागला! बिस्किटं, केक, मिठाई यांना सूट आहे, हा मिठाईचा प्रकार आहे, बघा ना, गोल आहे, काजू लावलाय. जितक्या निष्ठेने तूप पकडून दिलं तितक्याच निष्ठेने त्याने लाडू सोडवले. त्याला तुपाशी वैर नव्हतं आणि माझ्याशी मैत्रीही नव्हती. त्याची निष्ठा त्या पानाशी होती. अशा माणसावर नीट रागावताही येत नाही.

रागावायला मला दुसरं कारण सापडलं, ते सुपरमार्केटमध्ये. तिथे सप्टेंबरपासून श्टोलेनचे ढीग लागलेत. हा यांचा नाताळचा केक, वरून पिठीसाखर, आत लोणीच लोणी. ड्रेस्डेनच्या अस्सल श्टोलेनमध्ये शंभर भाग मैद्याला निदान पन्नास भाग लोणी लागतं, नाहीतर ते नाव लावता येत नाही. पण पूर्वी नाताळाआधीच्या उपवासात यांना लोणी वर्ज्य होतं, तेलात करावं लागायचं. तेव्हा याच सॅक्सनीच्या राजघराण्याने थेट रोमला अर्ज केले, आणि 1491 साली पोप आठव्या इनोसंटने लोणी वापरायची लेखी परवानगी दिली. फुकट नाही, पैसे भरून. ते पत्र 'लोणीपत्र' म्हणून आजही कौतुकाने सांगतात. म्हणजे ज्यांच्या राजाने लोण्यासाठी पोपपुढे हात पसरले, त्यांच्याच वंशातल्या एका पेन्शनरने माझं कढवलेलं लोणी सरकारात जमा केलं. मला कुणी पोपचा पत्ता देत असेल तर अर्ज करायची माझी तयारी आहे. पैसेही भरते, 992 मधून.

परतीची बस त्याचीही तीच. डबा मांडीवर घेऊन तो खुशीत होता. मला रिकाम्या हाताने बसणं जमेना, आपल्यात खायचं उघड्यावर असताना समोरच्याला विचारल्याशिवाय राहवत नाही. मी लाडू पुढे केला. त्याने तो चवीचवीने, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाला, "लोणी बरंच आहे."

रात्री आईला सगळं सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "एवढंच ना? अगं, पुढच्या खेपेला म्हशीचं पाठवते की. पांढरं असतंय. खोबरेलच्या बाटलीत घातलं की थंडीत थिजून दोन्ही सारखंच दिसतंय, कोण बघतंय? आणि ते तुझे आजोबा भेटलेच तर सांग, डोक्याला लावते म्हणून."