‘घरातच थांबा’ म्हणणाऱ्या पुराच्या मेसेजला उत्तर

जुलै लागला, पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की एक मेसेज गटागटांतून फिरू लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: ‘पुराला घाबरू नका. घरात तुरटीचा खडा, तीन दिवसांचा शिधा, भरलेली गॅसची टाकी आणि चार्ज केलेला इन्व्हर्टर असला की कुटुंब कुणावर अवलंबून नाही. पाणी दारात आलं की मेन स्विच बंद करा, सामान माळ्यावर टाका आणि घरातच थांबा. घर सोडलं की चोऱ्या होतात.’ खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे, आणि काही तर थेट जिवावर बेतणारी आहेत. एकेक घेऊ. क्रम मात्र मेसेजमधला नाही, धोक्याचा.

‘सामान माळ्यावर टाका आणि घरातच थांबा.’

हा सल्ला मागच्या पुराच्या खुणेवर उभा आहे. २००५ ला पाणी जिथवर आलं तिथवरच येणार, असं धरून २०१९ मध्ये कितीतरी घरांत सामान कॉटवर आणि कपाटावर चढवून माणसं निवांत बसली. आकडे बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, राजारामला ५५ च्या वर. जुलै २०२१ मध्ये राजारामने पुन्हा ५५ ओलांडली. नदीवरचे बारा फूट म्हणजे प्रत्येक घरात बारा फूट नव्हेत, हे खरं. पण नदीकाठच्या सखल गल्लीत माळा बुडायला तेवढे लागतही नाहीत, आणि माळ्यावर चढलेल्याला कौलं फोडल्याशिवाय बाहेर वाट नसते.

मागची खूण उपयोगाची आहे, पण ती नदीच्या आकड्याशी जोडली तरच. भिंतीवर जिथे गेल्या पुराची रेघ आहे, तिच्या शेजारी त्या दिवशीची आयर्विनची किंवा राजारामची पातळी लिहून ठेवा. तसंच ‘किती फुटाला पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, किती फुटाला मुख्य रस्ता बंद होतो’ हे दोन आकडे शेजारच्या जुन्या माणसांना विचारून नोंदवा. निघायची वेळ ठरते ती रस्ता बंद होण्यावर, पाणी घरात येण्यावर नव्हे. रस्ता ४७ फुटाला बंद होत असेल तर आपला निघायचा आकडा ४४ किंवा ४५. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, गरोदर बाई, तान्हं मूल किंवा डायलिसिसवरचा रुग्ण असेल तर इशारा पातळीलाच निघावं. दुभती जनावरंही तेव्हाच हलवावीत, आणि हलवता आलीच नाहीत तर निदान दावी सोडून ठेवावीत.

उशिरा निघण्याची किंमत काय असते ते ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. गावाला वेढा पडलेला, आणि सुटकेसाठी निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. गुडघ्याच्या बऱ्याच खाली, वीतभर पाणी जरी ओढीने वाहत असेल तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो. फूटभर वाहतं पाणी लहान कार उचलतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना ‘आत्ताच एक गाडी गेली की’ हा हिशोब चालत नाही. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही.

एक अपवाद मात्र मान्य करायलाच हवा, आणि मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा तोच अभिप्रेत असेल. कोकणातल्या नद्यांचं गणित वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी काही तासांत बाजारपेठेत शिरली. घाटमाथ्यावर पाऊस, त्यात भरती, आणि वेळ रात्रीची. अशा ठिकाणी पाणी गल्लीत आल्यावर रस्त्याने पळण्यापेक्षा पक्क्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर किंवा गच्चीवर जाणं शहाणपणाचं. पक्की इमारत, गच्चीला जिना आणि गच्चीचं कुलूप उघडं: तिन्ही असेल तरच. कृष्णा-पंचगंगेचं पाणी दिवसा-दोन दिवसांत चढतं आणि आठवडा आठवडा बसून राहतं. चिपळूणचा सल्ला सांगलीला लावू नका, सांगलीचा चिपळूणला.

चोरीची भीती खोटी नाही. पण तिचा उपाय दागिने आणि कागद बरोबर नेणं हा आहे, घरात एका म्हाताऱ्या माणसाला राखण ठेवणं हा नाही.

‘मेन स्विच बंद करा’ आणि ‘इन्व्हर्टर चार्ज ठेवा.’

ही दोन वाक्यं एकत्र पाळली तर माणूस मरू शकतो. मेन स्विच महावितरणची वीज तोडतो. इन्व्हर्टरला ते ‘लाइट गेली’ असंच दिसतं, आणि तो त्याच क्षणी घरातल्या वायरिंगमध्ये बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडू लागतो. भिंतीतला खालचा सॉकेट पाण्यात, मेन बंद म्हणून घरधनी निर्धास्त.

बरोबर क्रम असा. पाय कोरड्या जमिनीवर असतानाच आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा. मग मेन स्विच पाडा. मग इन्व्हर्टरचा पिन सॉकेटमधून काढा, आणि पाना घेऊन बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी, लाल नंतर सोडवा. लाल आधी सोडवताना पाना लोखंडी ट्रॉलीला किंवा काळ्या टोकाला टेकला तर ठिणगी उडते. पाण्यात उभं राहून यातलं काहीही करू नका. घरात पाणी शिरलं असेल आणि मेन चालू राहिला असेल तर बाहेरच थांबा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

आता इन्व्हर्टर पुरतो किती? बारा व्होल्टची दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. पूर्ण निचरा करता येत नाही, शिवाय इन्व्हर्टर स्वतः काही खातो, म्हणून हातात साडेअकराशेच्या आसपास धरा. ७५ वॅटचे दोन पंखे आणि तीन एलईडी बल्ब लावले की सहा-साडेसहा तासांत खेळ खलास. पुरात वीज जाते ती दिवसांच्या हिशोबाने. त्यात बॅटरी जमिनीवरच्या ट्रॉलीत असते, वजन पन्नास-साठ किलो. सगळ्यात आधी तीच बुडते आणि रात्री एकट्याने हलत नाही. नवीन बसवतानाच ती छातीच्या उंचीच्या मजबूत लोखंडी स्टँडवर बसवून घ्या.

‘आमच्या छतावर सोलर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. बॅटरी किंवा हायब्रिड इन्व्हर्टर नसेल तर पुरात त्याचा उपयोग शून्य. उलट दिवसा पॅनेलकडून खाली येणारी वायर जिवंतच असते. ती बुडाली असेल तर लांब राहा.

इन्व्हर्टरपेक्षा स्वस्त आणि कामाचं सामान म्हणजे बटणाचा साधा फोन. चार-पाच दिवस चालतो, टॉर्च असते, बहुतेकांत एफएम असतं. १०,००० एमएएचचा पॉवर बँक आजचा स्मार्टफोन दीड वेळाही कसाबसा भरतो, त्यामुळे घरात दोन तरी हवेत. टॉवरची बॅटरी संपत आली की कॉल लागत नाहीत, एसएमएस मात्र बऱ्याचदा जातो. सेलवर चालणारा छोटा रेडिओ असला तर आकाशवाणीच्या कोल्हापूर, सांगली केंद्रांवर पातळी कळते. मेणबत्ती नको, कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

‘भरलेली गॅसची टाकी हाताशी ठेवा.’

भरलेली टाकी जड असते, ती कशाला हलते, असा समज आहे. १४.२ किलोच्या घरगुती टाकीचं लोखंड साधारण १५-१६ किलोचं, म्हणजे एकूण तीसेक किलो. पण ती पाण्यात जागा व्यापते ३५ लिटरच्या आसपास. म्हणजे काठोकाठ भरलेली टाकीसुद्धा तरंगते. तरंगताना ती शेगडीकडे जाणारी नळी ओढते, रेग्युलेटर वाकतो आणि गॅस सुटतो. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, बंद खोलीत पाण्यावर पसरून राहतो. तिथे मेणबत्ती लावून कुणी आलं की काय होईल ते सांगायला नको.

घर सोडताना रेग्युलेटर बंद करा, काढा, टाकीवर प्लॅस्टिकची टोपी दोरीसह घट्ट बसवा. मग टाकी उभीच गच्चीवर सावलीत ठेवा, किंवा खिडकीच्या गजाला नायलॉनच्या दोरीने वरून आणि मधून अशा दोन जागी बांधा. आडवी टाकू नका. बंद माळ्यावर तर मुळीच नको. पाणी ओसरल्यावर बुडालेला रेग्युलेटर आणि नळी एजन्सीकडून बदलून घ्या, कारण आत गेलेला गाळ फुंकून निघत नाही. वास आला तर १९०६.

‘तुरटी फिरवली की पाणी पिण्यालायक.’

तुरटी गढूळपणा खाली बसवते. जंतू मारत नाही. नितळ दिसणारं पुराचं पाणी पिऊन कावीळ आणि जुलाब होतात ते यामुळेच. तरीही तुरटी टाकून देऊ नका, तिची जागा पहिली आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीतच खर्ची पडतं. म्हणून आधी वीस लिटरच्या बादलीत खडा काही वेळा फिरवा, तासभर हलवू नका, वरचं नितळ पाणी दुहेरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात ओता. मग ते खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी. किंवा क्लोरीन टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा.

क्लोरीनच्या गोळ्यांत एक चूक वारंवार होते: काही पट्ट्या एका लिटरच्या असतात, काही वीस लिटरच्या. पट्टीवर वाचल्याशिवाय टाकू नका. छतावरची टाकी स्वच्छ पाण्याने भरलेली असेल तर ५०० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. ती मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणीच टाकीत ओता. पावडरीला उग्र वास येत नसेल तर तिच्यात दम राहिलेला नाही.

आणि हे सगळं जंतूंपुरतं. पुराचं पाणी खताच्या दुकानातून, पेट्रोल पंपावरून आलेलं असेल तर कीटकनाशक आणि डिझेल ना तुरटीने जातं ना उकळून. म्हणून पाणी आधीच भरून ठेवणं हाच खरा उपाय. महापुरात कोल्हापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज चार लिटर, पाच माणसांना सात दिवस म्हणजे १४० लिटर: वीस लिटरचे सात कॅन. रसायनांचे जुने निळे पिंप त्यासाठी वापरू नका, कितीही धुतले तरी.

‘तीन दिवसांचा शिधा पुरे.’

कुणाला? हा साठा बुडणाऱ्या घरासाठी नाहीच, तिथे निघायचं असतं. तो उंचावरच्या, पण रस्ते बंद झाल्याने बेट बनलेल्या घरांसाठी आहे. त्यांना सात दिवस धरावे लागतात. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता. आणि डाळ-तांदूळ हा शिधा गॅस आणि पाणी दोन्ही मागतो. अर्धा साठा न शिजवता खाण्याचा हवा: चुरमुरे, पातळ पोहे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, खाकरे. पत्र्याच्या डब्याचं झाकण पाण्यात उघडतं, फिरकीच्या झाकणाची रबरी वायसर असलेली बरणी टिकते.

मेसेजमध्ये नसलेलं

रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह. इन्सुलिनची वापरातली कुपी बर्फात ठेवू नका, गोठलं की ते वाया जातं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरची, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेल्यात कालवून बाळाला देणं धोक्याचं. शंभर-दोनशेच्या नोटांत पाच हजार रुपये, कारण वीज गेली की एटीएम आणि क्यूआर दोन्ही झोपतात. रेशनकार्ड, बँक पासबुक, विम्याची पॉलिसी झिपच्या पिशवीत, आणि निघण्याआधी प्रत्येक खोलीचा एक फोटो, पंचनाम्याला लागतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ११२ कागदावर लिहा, फोन बंद पडला तर पाठ नसतात.

परत जाताना दिवसाउजेडी, गमबूट घालून, हातात काठी घेऊन. दार-खिडक्या उघडून आधी वास घ्या, गॅसचा नाही याची खात्री होईपर्यंत कुठल्याही बटणाला हात नको. कपाटं, अंथरुणं काठीने हलवूनच उचला, साप कोरडी जागा शोधत तिथेच येतात. बुडालेले एमसीबी आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरायचे नसतात, ते बदलावेच लागतात. भिंतीतल्या पाइपात पाणी साचून राहतं, म्हणून इलेक्ट्रिशियनने मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वायरिंग तपासेपर्यंत मेन पाडलेलाच ठेवा, बोअरची मोटरसुद्धा चालू करू नका.