व्याही गळ टाकतात तेव्हा

तुमच्या मुलीनं इंग्लंडात लग्न ठरवलं असेल आणि होणारे व्याही हॅम्पशरमधल्या टेस्ट नदीकाठचे निघाले असतील, तर आधी अभिनंदन. पत्रिका नाही, मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. एवढंच की त्या घरात आजोबांपासून नातवंडांपर्यंत झाडून सगळे फ्लाय फिशिंग करतात, म्हणजे आकड्यावर पिसांचा खोटा किडा (फ्लाय) बांधून मासे पकडतात, आणि आता तुम्हालाही नेणार.

'आम्ही सगळे मिळून जातो,' असं व्याही कौतुकानं सांगतील. मिळून म्हणजे एका गाडीतून. नदीवर पोचलं की प्रत्येक जण छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवतो आणि इतरांपासून हाकेच्या अंतरावर जाऊन उभा राहतो. हाक मात्र मारायची नाही. अख्खा दिवस एकमेकांकडे पाठ करून असा काढला की कौटुंबिक जिव्हाळा वाढतो. हसू नका. आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन भांडणं आणि एक वाटणी होते.

परतल्यावर 'मग आज कालवण का?' असं चुकूनही विचारू नका. मासा पकडायचा, हात ओले करून अलगद आकडा काढायचा आणि त्याला पाण्यात परत सोडायचं, ही तिथली खानदानी रीत. स्कॉटलंडात सॅमनसाठी नेलं तर आणखी मजा. समुद्रातून नदीत चढलेला सॅमन अंडी घालेपर्यंत काही खातच नाही. तेव्हा नदीचा एक तुकडा शेकड्यांनी पौंड मोजून दिवसाच्या बोलीवर घ्यायचा, गार पाण्यात उभं राहायचं आणि कडकडीत उपवास धरलेल्या माशापुढे पिसांचा खोटा घास नाचवायचा. त्यानं तोंड लावलंच तर फोटो काढून त्याला सोडून द्यायचं. मालवणात गरवायला बसणाऱ्या कुणाला हे सांगू नका, तो तुमच्या तब्येतीची चौकशी करेल. (ब्रिटनमधला सॅमन 2023 साली संकटग्रस्त ठरला आहे, म्हणून सोडणं रास्तच. शिवाय नदीत सांडपाणी आलं की पहिली बोंब हीच मंडळी ठोकतात. तेवढं श्रेय देऊन टाका.)

पक्ष्यांचा नियम नेमका उलटा. फेझंट या लांब शेपटीच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची पिल्लं उबवायची, दाणा घालून वाढवायची, उन्हाळ्यात कोट्यवधींनी रानात सोडायची आणि 1 ऑक्टोबरपासून बंदुका काढायच्या. रानचा मासा पकडून सोडायचा, पाळलेला पक्षी सोडून मारायचा. दोन्ही मिळून निसर्गप्रेम. ग्राऊस तेवढा खरा रानचा, त्याचा मुहूर्त 12 ऑगस्टचा. कोल्ह्याचा विषय काढू नका. कुत्री घालून त्याची शिकार करायला 2004 च्या कायद्यानं बंदी घातली, ते दुःख अजून ताजं आहे.

विहीणबाईंकडे मात्र नीट बघत बसा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोट्या पकडीत आकडा धरून त्या फेझंटच्या शेपटीचे चार-पाच तंतू केसासारख्या तांब्याच्या तारेबरोबर पिळतात. दोरासुद्धा लागत नाही. तारेनंच वजन येतं, तारेनंच बांधलं जातं, आणि मिनिटभरात आकड्यावर गव्हाच्या दाण्याएवढा तांबूस किडा तयार होतो. ही युक्ती फ्रँक सॉयर या विल्टशरमधल्या नदीच्या राखणदाराची. नवऱ्यानं मारलेला पक्षी असा बायकोच्या गळाला लागतो. संसार दुसरा कसा असतो?

आता एक माहिती, पण खिशातच ठेवायची. ब्रिटनमध्ये गळाला लागलेला सगळ्यात मोठा सॅमन 64 पौंडांचा, म्हणजे 29 किलोंचा. 7 ऑक्टोबर 1922 रोजी स्कॉटलंडातल्या टे नदीत तो धरला जॉर्जिना बॅलंटाइन हिनं. ही लॉर्डाची लेक नव्हे. साहेबांना मासे धरायला मदत करणाऱ्या गिलीची मुलगी, आणि बापाबरोबर होडीत होती. शंभर वर्षं उलटली, इतक्या खानदानांनी इतके पौंड पाण्यात घातले, विक्रम तिचाच आहे. तोही फ्लायवर नव्हे, आमिषाला खरा छोटा मासा लावून. आणि सोडणं वगैरे काही नाही. मासा स्कॉटलंडातल्याच पर्थच्या इस्पितळात गेला आणि तिथल्या लोकांनी तो खाल्ला.

हे व्याह्यांना ऐकवायचं असेल तर रजिस्टरवर सह्या होऊ द्या.