टिप नाही म्हणून लगेच कंजूष?

अमेरिकेत ऑस्ट्रेलियन किंवा न्यूझीलंडच्या माणसाने टिप कमी ठेवली की झाला तो कंजूष, उद्धट! अरे, त्याच्या देशात वेटरला मालकाने पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं आणि मेन्यूतल्या किमतीत करही धरलेला असतो. अमेरिकेत टिपवर भागवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर, बाकीचं टिपमधून. १९९१ पासून तेवढंच! पस्तीसेक वर्षांत भाडी, भाजीपाला कुठच्या कुठे गेला! (कॅलिफोर्नियात मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, तरी बिलाच्या वीस टक्के टिपची अपेक्षा तिथेही आहेच.) मग हा राग मालकांवर, कायदे करणाऱ्यांवर काढा ना. परदेशातून आलेल्या पाहुण्याला चारचौघांत का झापता? त्याला आधी कोणी सांगितलं होतं का?