‘कार्डावर लाइव्ह करू नका’ या सल्ल्याचे काय करायचे?

शिगमोत्सव जवळ आला की गोव्यात लाइव्ह प्रक्षेपणाची कामे घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरवर (चित्र दाबून लहान करणाऱ्या भागावर) चित्र नेहमी फुटते, तो चालू केला की कार्डावर भार येऊन सगळेच अडखळते, त्यातून चांगले चित्र हवेच असेल तर महागडे कार्ड घ्यावे लागते, तेव्हा सरळ प्रोसेसरवर एक्स२६४ (हेच दाबण्याचे काम करणारे सॉफ्टवेअर) ‘स्लो’ प्रीसेटला, म्हणजे सावकाश पण बारकाईने काम करणाऱ्या तयार मांडणीला, ठेवून लाइव्ह करावे. यातले भाराविषयीचे विधान अर्धे खरे आहे. शेवटचा सल्ला मात्र ऐन मिरवणुकीत नडणारा आहे.

चित्र फुटते हे कोणीच नाकारणार नाही, पण ते कुठे फुटते हे पाहायला हवे. फोंड्याच्या मिरवणुकीत रोमटामेळ (नाचत-वाजवत जाणारा जथा) कॅमेऱ्यासमोर येतो, ढोल-ताशांच्या तालावर गुढ्या आणि छत्र्या नाचू लागतात, मागून चित्ररथाचे एलईडी दिवे लुकलुकतात आणि तेवढ्यात कोणीतरी मूठभर गुलाल उधळतो. एन्कोडर मागच्या फ्रेममधला जो भाग तसाच उरला असेल तो पुन्हा वापरून जागा वाचवतो. इथे तसा भागच उरत नाही. १०८० ओळींच्या एका कच्च्या फ्रेमला साधारण ३.१ मेगाबाइट लागतात. सेकंदाला ५० फ्रेम आणि ६,००० किलोबिटचा बिटरेट (दर सेकंदाला पाठवायची माहिती) धरला, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सरासरी १५ किलोबाइट येतात, म्हणजे दोनशेपटींहून अधिक दाबणे आले. एवढ्याशा जागेत गुलालाचा प्रत्येक कण कार्डालाही बसवता येत नाही आणि प्रोसेसरलाही नाही. दोन्हीकडे चौकोन दिसतात. संदेशात जोडलेल्या छायाचित्रांत कार्डाचे चित्र आणि ‘स्लो’चे चित्र शेजारी ठेवलेले आहे, पण ते ‘स्लो’चे चित्र तयार व्हायला किती वेळ लागला हे कुठेच सांगितलेले नाही.

आणि सगळा प्रश्न त्या वेळेचाच आहे. सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला २० मिलिसेकंद, त्याहून एक क्षणही जास्त नाही. ‘स्लो’ प्रीसेट हालचालीचा शोध अधिक बारकाईने घेतो, जास्त संदर्भ-फ्रेम तपासतो, पुढच्या बऱ्याच फ्रेम आधी पाहून बिटांची वाटणी ठरवतो. याच कष्टांमुळे त्याचे चित्र चांगले असते. पण आपल्यापैकी बहुतेक जण जो लॅपटॉप घेऊन देवळाच्या आवारात बसतात, त्याला हे कष्ट २० मिलिसेकंदांत झेपत नाहीत आणि मग फ्रेमच गळू लागतात. लाइव्हसाठी खरी तुलना करायची ती त्या यंत्रावर न गळता चालणाऱ्या प्रीसेटशी, आणि तो बहुधा ‘व्हेरीफास्ट’ असतो. २०१८ साली आलेल्या ट्युरिंग पिढीपासूनच्या एनव्हिडिया कार्डांचा एन्कोडर एच.२६४ या दाबण्याच्या पद्धतीत त्याच बिटरेटला ‘व्हेरीफास्ट’च्या स्पष्टपणे पुढे असतो. कार्डाच्या एन्कोडरची बदनामी झाली ती २०१२च्या केप्लर पिढीच्या काळात, आणि तेव्हा ती रास्तही होती.

आता भाराबद्दल. एनव्हीईएनसी, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडर, हा चिपवरचा स्वतंत्र भाग आहे. त्रिमितीय चित्र रेखाटणारे कोअर वेगळे असतात, त्यामुळे नुसत्या एन्कोडिंगने त्यांच्यावर फारसा ताण येत नाही. मात्र ओबीएस हे लाइव्ह प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर कॅमेरे, खालची नावाची पट्टी आणि प्रायोजकांचे लोगो एकत्र जुळवते ते याच कोअरवर, आणि एन्कोडरचे ‘लुकअहेड’ (पुढच्या फ्रेम आधी पाहणे) व ‘सायकोव्हिज्युअल ट्युनिंग’ (डोळ्याला जाणवेल तिथे जास्त बिट देणे) हे पर्याय चालू केले तर तेही त्यांचाच आधार घेतात. म्हणून अडखळणे सुरू झाले की आधी ओबीएसची आकडेवारीची खिडकी उघडावी. तिथे रेंडरिंगमुळे चुकलेल्या, एन्कोडिंगमुळे वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. जत्रेच्या गर्दीत मोबाइल डेटावर लाइव्ह करताना वाढतो तो बहुतेक वेळा तिसरा आकडा, आणि त्याचा दोष कार्डाला देऊन काहीच हाती लागत नाही.

महागड्या कार्डाचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. एन्कोडरचा दर्जा किमतीवर नव्हे, तर पिढीवर ठरतो. आरटीएक्स ४०६० आणि ४०९० यांत एकाच पिढीचा एन्कोडर आहे. ४०९०मध्ये तो दोनदा बसवलेला असल्याने काम लवकर उरकते, पण चित्र सुधारत नाही. अपवाद आहेत ते स्वस्त कार्डांत, आणि घेण्याआधी ते माहीत असलेले बरे: जीटी १०३०मध्ये एनव्हीईएनसी नाहीच, एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी यांत हार्डवेअर एन्कोडर नाही, आणि सुरुवातीच्या जीटीएक्स १६५०मध्ये ट्युरिंगऐवजी आधीच्या व्होल्टा पिढीचा एन्कोडर आहे. कार्ड घ्यायचेच नसेल तर इंटेलच्या ज्या प्रोसेसरांत ग्राफिक्स अंगभूत आहे, त्यांत २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून क्विक सिंक (इंटेलचा स्वतःचा हार्डवेअर एन्कोडर) मिळते. मॉडेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर मात्र ते नसते.

‘स्लो’ला त्याची योग्य जागा द्यायलाच हवी. वास्कोच्या दामोदर सप्ताहाचे अखंड २४ तासांचे भजन कायमचे जपून ठेवायचे असेल, तर तिथे घाई नसते आणि डिस्कवरची जागा मात्र मोजावी लागते. अशा कामासाठी मी लाइव्हबरोबरच कार्डाच्या एन्कोडरवर ४० मेगाबिटचे वेगळे रेकॉर्डिंग ठेवतो. चोवीस तासांचे ते साधारण ४३० गिगाबाइट भरते. घरी आल्यावर त्यावर एक्स२६४ ‘स्लो’ लावतो आणि यंत्राला हवे तेवढे दिवस घेऊ देतो.