शाईचं बोट दाखवलं, म्हणून काय बिघडलं?

मतदानाच्या आदल्या रात्री एक मेसेज हमखास फिरतो. लोकसभेला फिरला, विधानसभेला फिरला, महापालिकेच्या वेळी तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला. मथितार्थ असा: मतदान गुप्त असतं, म्हणून शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकणं हा गुप्ततेचा भंग. त्या दिवशी असं काही टाकलं तर गुन्हाही दाखल होऊ शकतो. बोट दाखवून हॉटेलात सूट घेणं ही तर सरळ लाच. आणि एवढं करून या दिखाव्यानं एकही मत वाढत नाही, तेव्हा मुकाट्यानं मत द्या आणि घरी या.

चारपैकी एका मुद्द्यात थोडा दम आहे. तो येईल तेव्हा मान्य करीनच.

आधी गुप्तता. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 याचं कलम 128 गुप्ततेबद्दल आहे, पण ते बांधतं कुणाला? मतदान नोंदवण्याच्या किंवा मोजण्याच्या कामावर असलेल्या अधिकाऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, एजंटांना. कलम 94 सांगतं की तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येणार नाही. दोन्ही ठिकाणी झाकून ठेवायचं आहे ते ‘कुणाला’. ‘दिलं की नाही’ हे आपल्याकडे कधीच गुप्त नव्हतं. केंद्रात शिरलात की पहिला अधिकारी तुमचं नाव मोठ्यानं वाचतो, समोर बसलेले सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत खूण करतात, मग नोंदवहीत तुमची सही किंवा अंगठा. दुपारी तीनला बूथवरचा पोरगा बेल वाजवून म्हणतो, ‘काकू, तुमच्या घरातली दोन मतं राहिलीत.’ त्याला काय स्वप्न पडलं होतं?

आणि ती शाई तरी कशासाठी आहे? निवडणूक संचालन नियमांनुसार मत देण्याआधी डाव्या हाताची तर्जनी तपासायची आणि तिच्यावर खूण करायची, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर ओळखता यावा. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवर बसतं, उजेडानं काळं पडतं आणि नखावरची खूण नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहते. ती दिसावी म्हणूनच एवढा खटाटोप. जानेवारी 2026 मध्ये महापालिकांच्या मतदानात मार्करची खूण पुसली जाते असे व्हिडिओ फिरले तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बरं झालं, गुप्तता राखली गेली.

गुप्ततेचा खरा भंग वेगळाच आहे आणि त्याबद्दल हा मेसेज चकार शब्द काढत नाही. मोबाइल लपवून आत नेऊन मतदान यंत्रावर दाबलेल्या बटणाचा किंवा व्हीव्हीपॅटच्या काचेमागच्या चिठ्ठीचा फोटो काढणं. तो फोटो मित्रांना दाखवायला काढला तरी त्याचा उपयोग पाकीट वाटणाऱ्याला होतो. मत विकत घेणाऱ्याची एकच अडचण असते: पैसे घेऊन माणसानं बटण कुठलं दाबलं, याचा पुरावा नाही. चिठ्ठीचा फोटो तो पुरावा देतो, शाईचं बोट देत नाही. कारण सगळ्यांच्या बोटाची शाई एकाच रंगाची.

दुसरा मुद्दा गुन्ह्याचा. इथे मेसेजवाल्यांकडे एक हुकमी उदाहरण असतं. 30 एप्रिल 2014 रोजी नरेंद्र मोदींनी अहमदाबादेत मत दिल्यावर शाईच्या बोटासह सेल्फी काढला आणि निवडणूक आयोगानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. घडलं ते खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. त्यांच्या हातात कमळाचं चिन्ह होतं आणि त्यांनी तिथेच पत्रकारांशी राजकीय बोलणं केलं. आयोगाचा आक्षेप त्यावर होता. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126 मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत सभा आणि निवडणुकीच्या निकालावर परिणाम करण्याच्या हेतूचा मजकूर दाखवणं रोखतं. ‘मी मत दिलं, तुम्हीही द्या’ यातून कुठला उमेदवार निवडून येतो? बोटाशेजारी पक्षाचा झेंडा, चिन्ह, गमछा असेल तर मात्र हात आखडता घ्या, तिथे मेसेजवाले काका बरोबर ठरतील. नुसत्या बोटासाठी तर निवडणूक यंत्रणाच केंद्राबाहेर सेल्फी पॉइंट उभारते.

आता दम असलेला मुद्दा. सूट. जुन्या दंडसंहितेतलं निवडणूक-लाचेचं कलम (आता ते न्याय संहितेत आलं आहे) निवडणुकीतला हक्क बजावण्यासाठी लालूच दाखवण्याबद्दल बोलतं, आणि शब्दशः वाचलं तर हॉटेलवाल्यानं विचार करावा असंच ते आहे. अमेरिकेत 2008 साली स्टारबक्सनं मत देणाऱ्याला कॉफी फुकट जाहीर केली होती. केंद्रीय निवडणुकीत मतदानासाठी मोबदला देता येत नाही हे लक्षात आल्यावर, जो मागेल त्याला कॉफी असं करून त्यांनी सुटका करून घेतली. आपल्याकडे याकडे लाच म्हणून कुणी बघत नाही, अनेक ठिकाणी प्रशासनच कौतुक करतं. तरी मला ते रुचत नाही. शिवाय त्याचा उपयोगही बेताचाच. 2024 ला इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी सकाळी लवकर मत देणाऱ्यांना पोहे-जिलेबी फुकट दिली. पण काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतल्यानं लढतच उरली नव्हती. मतदान 2019 पेक्षा घटलं आणि नोटाला 2 लाखांहून जास्त मतं पडली. इंदूरकराला पोह्यांसाठी बोलवायला शाई कशाला लागते!

राहिला चौथा मुद्दा, ‘काही उपयोग नाही’. माझा खरा वाद याच्याशी आहे, कारण यावर लोकांनी मोजमाप करून ठेवलं आहे.

2 नोव्हेंबर 2010 ला अमेरिकेतल्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे 6 कोटी लोकांना ‘मी मत दिलं’ असं बटण दाखवलं आणि सोबत ते दाबलेल्या मित्रांचे सहापर्यंत चेहरे. थोड्या लोकांना तेच बटण चेहऱ्यांशिवाय दाखवलं, थोड्यांना काहीच नाही. मग खऱ्या मतदार नोंदींशी ताडून पाहिलं. चेहऱ्यांशिवायच्या आवाहनाचा परिणाम जवळजवळ शून्य. चेहरे असलेल्यांत मतदान 0.39 टक्के अंकांनी वाढलं. हसू येईल असा आकडा, पण संशोधकांच्या हिशेबानं थेट 60 हजार आणि मित्रांच्या मित्रांतून 2 लाख 80 हजार जास्तीची मतं पडली. जास्त असर झाला तो जवळच्या मित्रांचा. नुसत्या ओळखीच्यांचा नाही.

उलटं उदाहरण मला जास्त पटतं. स्वित्झर्लंडमध्ये टपालानं मत देण्याची सोय आली. कष्ट कमी झाले, म्हणजे मतदान वाढायला हवं. लहान गावांत ते घटलं. पत्रिशिया फंक या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं उत्तर असं की, आधी चौकातून केंद्राकडे जाताना गाव बघत होता. आता घरी बसलेल्याला कुणी विचारत नव्हतं.

याचा अतिरेकही झाला आहे. 2006 ला मिशिगनमध्ये लोकांना पत्रं गेली, शेजारपाजारच्या कुणी मागच्या वेळी मत दिलं त्याच्या यादीसकट, आणि पुन्हा यादी पाठवू अशा तंबीसह. पत्र न मिळालेल्यांत 29.7 टक्के मतदान, मिळालेल्यांत 37.8. परिणाम जबरदस्त, पण मला असं पत्र आलं तर मी रागानं फाडून टाकीन. ‘कोरं बोट असलेल्यांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलू नये’ हे आपले स्टेटस याच जातीचे. यादीत नाव गावाकडचं आणि पोट मुंबईत, अशा माणसाला मतदानाची सुट्टी मिळूनही एसटीचं भाडं परवडत नाही. टपालानं मत पाठवणाऱ्या जवानाच्या बोटाला शाईच लागत नाही. आणि काही ठिकाणी शाई दाखवणं जिवावरचं असतं: जून 2014 मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला तालिबाननं 11 मतदारांची बोटं तोडली. माओवाद्यांच्या बहिष्काराच्या छायेत मत देणाऱ्या गडचिरोलीत 2024 च्या लोकसभेला 71 टक्क्यांच्या वर मतदान झालं. तिथल्या माणसानं बोट मुठीत झाकलं तर त्याला दिखावा शिकवायला जाऊ नये. दक्षिण मुंबईत त्याच निवडणुकीत 50 टक्के. फोटो कुठून जास्त आले असतील ते सांगायला नको.

‘बघा, फोटो मुंबईचे आणि मतदान गडचिरोलीचं’ असं काका यावर म्हणतील. म्हणोत. पण दक्षिण मुंबईतले फोटो बघणार कोण? ज्यांनी आधीच मत दिलं तेच. स्टेटस चारशे जण बघतात आणि कुणालाच वाटत नाही की हे आपल्यासाठी आहे.

म्हणून 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, मी स्टेटस ठेवलं नाही. सहा जणांना वेगवेगळा फोटो पाठवला, प्रत्येकाला नावानिशी. चौघांनी अंगठा दाखवला, एकीनं तिचं बोट पाठवलं. भाच्यानं चार वाजता विचारलं, ‘मावशी, माझं केंद्र कुठलं हे कुठे बघायचं?’ लिंक पाठवली. पावणेसहाला त्याचा सेल्फी आला, आरशासारखा उलटा, शाई उजव्या बोटाला लागल्यासारखी. काकांना दाखवला असता तर त्यांनी तेवढ्यावरून बोगस मतदान ठरवलं असतं.